लाल पुस्तक कुठे आहे?

नोव्हेंबर २००२मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मुलांच्या एका ग्रंथालयाचं उद्घाटन झालं. त्याला भिंती नव्हत्या, कपाटं नव्हती. संगणक उघडायचा, पुस्तक निवडायचं आणि पडद्यावर पानं उलटत वाचायचं. नाव होतं इंटरनॅशनल चिल्ड्रन्स डिजिटल लायब्ररी. निरनिराळ्या देशांतली पुस्तकं, मूळ भाषेत आणि फुकट. त्याची खरी नवलाई मात्र पुस्तक शोधायच्या वाटांमध्ये होती. लेखक, शीर्षक, विषय या नेहमीच्या वाटा होत्याच. शिवाय मुखपृष्ठाच्या रंगावरून पुस्तक शोधता येत होतं. पुस्तक छोटं की मोठं यावरून शोधता येत होतं. गोष्टीतलं मुख्य पात्र मूल आहे, प्राणी आहे की कल्पनेतलं कुणी यावरून, आणि वाचून हसू येतं की भीती वाटते यावरूनसुद्धा. या वाटा ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात कुणी शिकवल्या नव्हत्या. सात ते अकरा वर्षांच्या मुलांसोबत बसून त्या काढलेल्या होत्या.

मी हे वैनगंगेच्या काठी, मार्कंड्यात बसून लिहितोय. चामोर्शी तालुक्यातलं हे गाव लोक ओळखतात ते मार्कंडादेवाच्या देवळांमुळे आणि महाशिवरात्रीच्या जत्रेमुळे. पण गेल्या काही वर्षांत गडचिरोली जिल्ह्यात गावोगावी वाचनालयं उघडू लागली आहेत, आणि ज्या घरात गोष्टीचं एकही पुस्तक नाही अशा घरांतही स्मार्टफोन पोचला आहे. मुलांची पुस्तकं आता त्या फोनवर येतात. कधी सरकारी ॲपमधून, कधी संस्थांच्या संकेतस्थळांवरून. ती कशी मांडावीत, कशी सापडावीत, हे कुणी ठरवलं? मुलांना कुणी विचारलं होतं का? या प्रश्नाचा माग काढत गेलं की वाट बडोदा, बोर्डी, स्टॉकहोम, मेरीलँड अशी फिरून परत आमच्या झाडीपट्टीत येते.

पुस्तक कुठे ठेवायचं हा प्रश्न मोठ्यांनी मोठ्यांसाठी सोडवला. अमेरिकेत मेल्विल ड्युईने १८७६मध्ये सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडले आणि दर पुस्तकाला आकडा दिला. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१०मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. शाळेत चार अक्षरं शिकलेला माणूस वाचायला काही मिळालं नाही तर ती विसरून जाणार, हे महाराजांना कळत होतं. म्हणून बडोद्याहून पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यांकडे निघाल्या. त्या फिरत्या पेट्यांची याद आज दुर्गम भागातल्या प्रत्येक वाचनालय चालवणाऱ्याने ठेवावी असं मला वाटतं. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी जागाही होती, आणि त्या काळात ही फार पुढची गोष्ट होती. पुढे मद्रासच्या शि. रा. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. दर वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि दर पुस्तकाला त्याचा वाचक, हा त्यातला गाभा.

सात वर्षांच्या वाचकापाशी आलं की हा नियम अडतो. ग्रंथालयाच्या तालिकेच्या, म्हणजे पुस्तकांच्या सूचीच्या, खणात लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेली कार्डं असतात. त्या मुलाला लेखक ठाऊक नसतो, शीर्षकातला एखादा शब्द आठवला तर आठवतो, आणि तो शुद्ध लिहिता येईलच असं नाही. त्याच्या लक्षात काय असतं? त्यात वाघ होता, वरती हिरवं होतं, शेवटी वाईट वाटलं. हे सगळं खरं असतं आणि नेमकंही असतं. फक्त तालिकेत त्याला जागा नसते. खणाजागी संगणक आला तेव्हा कार्डं पडद्यावर गेली, अडचण तशीच राहिली. उलट एक भर पडली: आता कळफलकावर शब्द टंकल्याशिवाय काहीच हलेना.

मुलाकडे पाहून साधन बदलायचं, या विचाराचं मूळ मात्र आपल्याच मातीत सापडतं. गिजुभाई बधेकांनी १९२०मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे १९४५मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसलं तेव्हा त्या बालवाडी घेऊन वस्तीतल्या अंगणात गेल्या. अंगणवाडी तिथून आली. माँटेसरीची परदेशी साधनं महाग आणि मुलांना अनोळखी होती, म्हणून शंख, शिंपले, बिया, पानं ही साधनं झाली. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं घेऊन रानात जात, तर शाळाच कुरणावर गेली. ताराबाईंनी आणि अनुताईंनी मुलांना ‘तुम्हांला कशी शाळा हवी?’ असा प्रश्न विचारून उत्तरं लिहून घेतली नव्हती. पण मुलांचे हात कशाकडे जातात, पाय कुठून मागे फिरतात, हे पाहून त्यांनी शाळेची मांडणी मोडली आणि पुन्हा केली. मुलांच्या डिजिटल ग्रंथालयाची वंशावळ लिहिणारे परदेशी अभ्यासक बोर्डीचं नाव घेत नाहीत. आपण तरी घ्यायला हवं.

दुसरं मूळ फार लांबचं आहे आणि त्याचा बालसाहित्याशी वरवर पाहता काही संबंध नाही. १९७०च्या दशकात नॉर्वेतल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टन न्यूगार्ड या संगणकशास्त्रज्ञाला सोबत घेतलं. कारखान्यात संगणक येणार असेल तर तो कसा असावा यात आमचंही म्हणणं हवं, ही मागणी होती. १९८१मध्ये स्वीडनमध्ये ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. वर्तमानपत्रांतले जुळारी आणि पानं लावणारे कामगार संशोधकांबरोबर बसले. जे यंत्र अजून अस्तित्वात नव्हतं त्याच्या नकला त्यांनी कागद, पुठ्ठा, लाकूड घेऊन बनवल्या. लटक्या पडद्यावर लटकं पान लावून पाहिलं आणि कुठे हात अडतो ते सांगितलं. ज्याला यंत्र वापरायचं आहे तो ते घडवतानाच शेजारी बसलेला असावा, हा हक्क कामगार चळवळीने मिळवलेला आहे. पुठ्ठ्याची ती खोकी पुढे मुलांच्या हातात गेली.

मधल्या काळात मुलं संगणकापाशी पोचली होती. सीमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७मध्ये लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा केली. पॅपर्टचं काम पाहून आलेल्या ॲलन के यांनी १९७२मध्ये ‘डायनाबुक’ची कल्पना लिहून काढली: मुलाला काखोटीला मारून नेता येईल असा पुस्तकाएवढा संगणक. आज आपल्या हातातली टॅब्लेट पाहिली की हे किती आधी सुचलं होतं ते कळतं. ही माणसं मुलांवर विश्वास ठेवणारी होती. पण रेखाटन मोठ्यांचंच होतं.

१९८९च्या २० नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांची संहिता स्वीकारली. तिच्या बाराव्या कलमात मुलाला आपल्याशी संबंधित बाबतीत मत मांडण्याचा आणि ते ऐकलं जाण्याचा हक्क दिला आहे. भारताने १९९२च्या डिसेंबरात ती मान्य केली. त्याच वर्षी रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी काढली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या सहभागात मोजायच्याच नाहीत, असं हार्ट यांचं म्हणणं. मुलांना वापरून घेणं ही पहिली. शोभेपुरतं उभं करणं ही दुसरी. नावापुरतं बोलायला लावणं ही तिसरी. कार्यक्रमाला फुलं द्यायला उभ्या केलेल्या मुली, पाठ करून घेतलेलं ‘मुलांचं मनोगत’ हे सगळं इथेच राहतं. शाळा आणि ग्रंथालयं चालवणाऱ्यांनी ही शिडी समोर लावून ठेवावी, इतकी ती उपयोगाची आहे.

ग्रंथालयाच्या बाजूनेही प्रयत्न चालू झाले होते. १९९०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रिस्टीन बोर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी विज्ञानाच्या पुस्तकांची तालिका केली. पडद्यावर कपाटं दिसत. मूल एका कपाटावर टिचकी मारून आत, मग आणखी आत जाई. टंकायची गरज नव्हती. मुलांनी ती वापरून पाहिली, मोठ्यांनी निरीक्षणं नोंदवली, सुधारणा केल्या. मुलांचं काम इथे तपासनिसाचं होतं. कपाटं मोठ्यांनी आधीच मांडलेली होती.

मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधक ॲलिसन ड्रुइन यांनी हाच फरक नीट मांडून दाखवला. मूल तंत्रज्ञानाच्या घडणीत चार नात्यांनी येऊ शकतं, असं त्यांनी २००२च्या एका लेखात म्हटलं: नुसतं वापरणारं, तयार वस्तू तपासणारं, मधेमधे माहिती पुरवणारं, आणि पहिल्या दिवसापासून सोबत बसून घडवणारं. चौथं नातं त्यांना हवं होतं. १९९८मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांनी मुलांचा गट बांधला. सात ते अकरा वर्षांची मुलं शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दुपारी येत, उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग काही दिवस. संगणकवाले, शिक्षणवाले, चित्रकार आणि ही मुलं असा एकच गट. वय मुद्दाम निवडलेलं होतं: मनातलं बोलून दाखवता येण्याइतकी मोठी, आणि ‘हे असंच असतं’ असं मानायला न लागलेली.

त्या दुपारी कशा चालत हे जवळून पाहण्यासारखं आहे, कारण सगळं कसब तिथे आहे. सुरुवात खाऊने होई. मोठे आणि मुलं एकत्र खात, गप्पा मारत. सगळे जमिनीवर बसत. मुलं मोठ्यांना नावाने हाक मारत. बोलायला हात वर करायचा नाही, कारण हात वर केला की समोरचा शिक्षक होतो. एखादं संकेतस्थळ किंवा जुनी तालिका तपासायची असली की सगळ्यांच्या हातात चिकट चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची: काय आवडलं, काय नाही आवडलं, काय नवीन हवं. चिठ्ठ्या फळ्यावर चिकटवायच्या आणि सारख्या चिठ्ठ्या शेजारी सरकवत जायच्या. शेवटी फळ्यावर कुठे दाटी झाली ते दुरूनही दिसे. त्या दाटीत प्राध्यापकाची चिठ्ठी कुठली आणि आठ वर्षांच्या मुलीची कुठली हे शोधावं लागे.

नवीन काही घडवायचं असलं की पिशव्या निघत. आत रंगीत कागद, डिंक, लोकर, माती, पुठ्ठा. दोन-तीन मुलं आणि दोन-तीन मोठे मिळून त्यातून लटकं यंत्र बनवत आणि इतरांना समजावून सांगत. सांगताना आलेल्या कल्पना कुणीतरी फळ्यावर टिपत जाई. स्वीडिश कामगारांची पुठ्ठ्याची खोकी ती हीच. मोठ्यांना गप्प बसायला शिकावं लागे आणि मुलांना मोठ्यांसमोर बोलायला. ही घडी बसायला महिने जातात, असं ड्रुइन वारंवार लिहितात. ज्यांना एका दिवसाच्या कार्यशाळेत मुलांचा सहभाग उरकायचा असतो त्यांनी एवढं वाक्य तरी ऐकावं.

या गटाने आधी प्राण्यांविषयीच्या माहितीची चित्रमय शोधपद्धत केली. प्राणी काय खातो, कुठे राहतो, कशी हालचाल करतो, ही चित्रं निवडत जायची. एकही अक्षर न टंकता मुलं दोन-तीन अटी एकत्र लावून शोधू लागली. त्यातून इंटरनॅशनल चिल्ड्रन्स डिजिटल लायब्ररी उभी राहिली. ड्रुइन यांच्यासोबत बेन बेडरसन आणि ग्रंथालयशास्त्राच्या ॲन वीक्स, आणि इंटरनेट आर्काइव्हची साथ. रंगाची वाट का आली, याचं उत्तर साधं आहे. पुस्तक एकदा हातात घेतलेल्या मुलाला त्याचा रंग आठवतो. लाल, छोटं आणि प्राण्याचं अशा तीन खुणा एकत्र केल्या की ढिगातून मोजकी पुस्तकं उरतात. पान वाचायच्याही मुलांनी निरनिराळ्या तऱ्हा काढल्या: चित्रकथेसारखी सगळी पानं ओळीने मांडलेली, किंवा गोल वळणात फिरणारी.

या कामाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पहिली आवृत्ती इतकी जड होती की वेगवान जोडणी नसलेल्या घरात ती उघडणं मुश्किल. जगभरच्या मुलांसाठी म्हटलेलं ग्रंथालय आधी चांगल्या संगणकांपुरतंच राहिलं. हलकी आवृत्ती नंतर आली. शंभर भाषांत दहा हजार पुस्तकांचं ध्येय होतं, गाडी साडेचार हजारांच्या आसपास अडली. प्रताधिकाराच्या परवानग्या मिळवणं हे पडदा रंगवण्यापेक्षा कितीतरी कठीण होतं. आणि घडवणारी मुलं एका अमेरिकी विद्यापीठाच्या शेजारची होती. हे पुढे ड्रुइन आणि सहकाऱ्यांनाही जाणवलं असावं. जर्मनी, होंडुरास, न्यूझीलंड आणि अमेरिका इथल्या मुलांबरोबर त्यांनी चार वर्षं अभ्यास केला. २००६च्या सुमारास मंगोलियातल्या मुलांपर्यंत पुस्तकं नेण्याचं कामही झालं.

भारतात काय झालं? जानेवारी १९९९मध्ये दिल्लीच्या कालकाजीत सुगत मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवला आणि शेजारच्या वस्तीतली मुलं आपापली शिकली, ही गोष्ट जगभर गेली. आपल्या सिंधुदुर्गातही तसे संगणक लागले. मुलं शोध घेतात हे त्यातून ठसलं. पण पडद्यावर काय असावं यात त्यांचा वाटा नव्हता. २००६मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या उदय पवार, जोयोजीत पाल आणि केंटारो टोयामा यांनी खेड्यातल्या शाळांमधलं एक वास्तव पुढे आणलं: एका संगणकाभोवती अनेक मुलं, माउस एकाच्या हातात, आणि तो बहुतेकदा वर्गात आधीच वरचढ असलेल्याच्या. त्यांनी एका पडद्यावर प्रत्येकाला वेगळा माउस आणि वेगळ्या रंगाचा बाण देऊन पाहिला. मुलं कशी बसतात याकडे बघून काढलेला हा तोडगा मला फार मोलाचा वाटतो. त्याच वर्षी मॅथ्यू कॅम आणि सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मुलांसोबत शैक्षणिक खेळांची आखणी करून पाहिली. गुरुजींपुढे मान खाली घालून बसायची सवय लागलेल्या मुलांना भागीदार करायचं, तर परदेशी पद्धत उचलून आणून भागत नाही, हा त्या अनुभवाचा धडा.

मराठीत मुलांच्या वाचनाची परंपरा समृद्ध आहे. वा. गो. आपट्यांनी १९०६मध्ये ‘आनंद’ सुरू केलं. नागपूरहून ‘मुलांचे मासिक’ निघायचं. विदर्भातल्या कितीतरी घरांत ते टपालाने येई. नोव्हेंबर १९७१मध्ये बालभारतीने ‘किशोर’ काढलं, संपादक वसंत शिरवाडकर. मुलांच्या कविता आणि चित्रं त्यात छापून येऊ लागली. खेड्यातल्या मुलाचं नाव छापलेलं पाहणं त्या मुलासाठी आणि त्याच्या शाळेसाठी केवढी गोष्ट असते, हे शिक्षकांना विचारावं. पुढे बालभारतीने ‘किशोर’चे जुने अंक संगणकावर सर्वांसाठी मोफत खुले केले. हे मोठं सार्वजनिक काम आहे आणि त्याचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. पण ते अंक वर्ष आणि महिना यांच्या क्रमाने आहेत. अभ्यासकाला ते सोयीचं. दहा वर्षांची मुलगी मात्र १९८३चा मार्च शोधायला जात नाही. तिला भुताची गोष्ट हवी असते.

अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं साध्या यादीत आहेत. दिखाऊपणा शून्य, आणि कितीतरी शिक्षकांनी तिथून पुस्तकं उतरवून वर्गात वाचली. ४ मे २०१७ला भिलार पुस्तकांचं गाव झालं, तिथे बालसाहित्याला स्वतंत्र घर मिळालं. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ला स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केलं, आणि तिथली पुस्तकं कुणीही वाचावी, भाषांतरित करावी, छापावी अशा खुल्या परवान्याने दिली. वाचनाच्या चार पातळ्या, मोठं चित्र, थोडा मजकूर. गोंडीतही गोष्टी आल्या. सीजीनेट स्वरा या संस्थेसोबत गोंडी बोलणाऱ्यांनी बसून ती भाषांतरं केली. मुलांपर्यंत पुस्तकं पोचवण्यात आपण बरंच पुढे आलो आहोत. मुलांचं लेखन छापण्यातही आलो. पुस्तक शोधायचा दरवाजा कसा असावा, हे मात्र अजून त्यांना विचारायचं आहे.

आणि हे विचारायची सगळ्यांत जास्त गरज आहे ती गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात. २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे पावणेअकरा लाखांच्या आसपास माणसं आहेत, त्यांत अडतीस टक्क्यांहून अधिक आदिवासी. गोंडी, माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, छत्तीसगडच्या सीमेवर छत्तीसगढी. आमच्या चामोर्शी आणि शेजारच्या मुलचेरा तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्यांची बंगाली बोलणारी गावं. मराठी बोलणाऱ्यांच्या घरात झाडीबोली. तीत ‘ळ’ आणि ‘ण’ नाहीत. डोळ्याला डोरा म्हणणारं मूल शोधपट्टीत ऐकलं तसंच लिहिणार, आणि पडदा कोरा राहणार. चूक मुलाची नाही. शोधपट्टी त्याच्यासाठी केलेली नाही, इतकंच.

फेब्रुवारी २०२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुलं आणि किशोरांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली. त्यानंतर राष्ट्रीय ई-पुस्तकालय आलं. त्यात वयाचे गट आहेत: तीन ते आठ, आठ ते अकरा, अकरा ते चौदा, चौदा ते अठरा. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. माडिया घरातल्या बारा वर्षांच्या मुलाला मराठी वाचन अजून जड जातं, पण त्याला जंगल, शिकार, नदी यांतलं कळतं ते शहरातल्या बारा वर्षांच्या मुलाच्या दसपट. त्याला सोपी भाषा आणि मोठ्या मुलाचा विषय हवा. ‘तीन ते आठ’ असं लिहिलेल्या कप्प्यात बोट घालायला तो लाजतो. ही लाज मी पाहिली आहे. मित्र शेजारी असले की तो ते पान बंदच करतो.

मुलं इथे फोन कसा वापरतात, तेही सांगतो. एका दुपारी देवळाच्या आवाराबाहेर बसलेल्या मुलांना मी फोनवर चित्रगोष्ट उघडून दिली. एका फोनवर चार डोकी वाकली. वाचणारी एकच होती, बाकीचे ऐकत होते. हत्तीचं पान आलं तसं सगळ्यांत लहानग्याने बोट पुढे करून पान मागे नेलं. पुढे गेलं की पुन्हा मागे. ‘हत्तीवालाच लावून ठेवा ना जी,’ त्याचं म्हणणं. त्याला पूर्ण गोष्ट नको होती, ते पान हवं होतं. पानाला खूण करून ठेवायची सोय त्या ॲपमध्ये होती, पण ती तीन बारीक रेघांच्या आड, मोठ्यांनाच समजेल अशा ठिकाणी. वाचून झाल्यावर ॲपने एकाच मुलाचं वाचन नोंदवलं. चौघांनी मिळून वाचलं, ही नोंद करायला त्यात जागाच नव्हती.

त्याच आवारात मोठ्यांच्या आणि मुलांच्या नजरेतलं अंतर रोज दिसतं. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४च्या दौऱ्यात इथे आले, आणि त्यांनी देवळांचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं; त्या नोंदीचा आधार अभ्यासक आजही घेतात. आपण मोठी माणसं शतक विचारतो, शैली विचारतो, देव ओळखतो. पोरं हत्ती मोजतात, नाचणाऱ्या बाईचे हात कसे वळलेत ते करून दाखवतात, कोणत्या मूर्तीचं नाक तुटलंय ते अंधारातही सांगतील. मोठ्यांची नोंद खोटी नाही, मुलांचीही नाही. मार्कंड्याच्या शिल्पांचं एखादं चित्रपुस्तक उद्या फोनवर आलं, तर त्यात शोधायच्या दोन्ही वाटा हव्यात.

जिल्ह्यात यासाठी लागणारी माणसं आहेत. हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा १९७६पासून चालू आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः उभी केली. आपल्या मुलांनी काय आणि कुठल्या भाषेत शिकावं हे गाव ठरवू शकतं, याचा तो पुरावा आहे. पोलिसांच्या ‘एक गाव एक वाचनालय’ उपक्रमातून दुर्गम गावांत इमारती आणि पुस्तकं पोचली आहेत. बऱ्याच ठिकाणी भर स्पर्धा परीक्षांवर आहे, ते समजण्यासारखं आहे. नोकरीची आस मोठी आहे. पण त्याच खोलीत संध्याकाळी लहान भावंडंही येऊन बसतात, आणि त्यांच्यासाठी काय असावं हे अजून ठरायचं आहे. ही वेळ चांगली आहे. मांडणी एकदा घट्ट झाली की ती मोडायला कुणी धजत नाही.

म्हणून ग्रामपंचायतींना, शाळांना, वाचनालय चालवणाऱ्यांना आणि ॲप बनवणाऱ्यांना एक विनंती आहे. पुस्तकांची यादी आणि टॅब्लेटची खरेदी मंजूर करण्याआधी गावातली आठ-दहा मुलं निवडा: हुशार म्हणून पुढे केलेली नकोत, शेवटच्या बाकावरचीही हवीत, मुली निम्म्या हव्यात, घरी गोंडी-बंगाली बोलणारी हवीत. आठवड्यातून दोन दुपारी त्यांच्यासोबत जमिनीवर बसा. आधी खायला द्या. खुर्ची आणि छडी बाहेर ठेवा. पुठ्ठा, डिंक, रंगीत कागद द्या आणि वाचनालय कसं हवं ते बनवून दाखवायला सांगा. त्यांना ज्या भाषेत बोलावंसं वाटेल त्या भाषेत बोलू द्या. समजत नसेल तर त्यांच्यातल्याच एकाला दुभाषा करा. पहिल्या महिन्यात ती तुम्हांला आवडेल तेच सांगतील. दुसऱ्या महिन्यातही कदाचित. थांबा. आणि ती खरं बोलू लागली की त्यांनी सांगितलेलं निदान एक तरी तसंच्या तसं करून दाखवा, त्यांच्या डोळ्यांदेखत. याला फार पैसा लागत नाही. चालू शैक्षणिक वर्षातच, एका वाचनालयात, सुरुवात करता येईल.